‘७२ सीझन्स’ ऐकताना कान का थकतात?

अमेरिकन हेवी मेटल बँड मेटालिकाचा ‘७२ सीझन्स’ हा अल्बम पंधरा-सोळा वेळा ऐकून तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत. पहिली दोन गाणी ऐकताना अंगावर काटा येतो. पाचव्या-सहाव्या गाण्यापर्यंत कान जड होतात आणि पुढची सगळी गाणी एकसारखी वाटायला लागतात. आणि नववीत असताना भावाच्या कॅसेटवर ऐकलेल्या त्यांच्याच ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची सर याला येत नाही. मग विचारलंत, की दोष कुणाचा: अल्बमचा, हेडफोनचा, की चाळिशी ओलांडलेल्या कानांचा?

मी तेवीस वर्षं रॉक बँडची गाणी मिक्स करतोय. ड्रम्सचे दहा-बारा माइक, गिटारचे चार-सहा ट्रॅक, बेस, गळा हे सगळं एकत्र बसवायचं आणि तरी प्रत्येकाला श्वास घ्यायला जागा ठेवायची, हे माझं रोजचं काम. त्या नात्याने सांगतो, तुमचा थकवा अगदी खरा आहे. बँडवरचं तुमचं प्रेम कमी झालंय असा त्याचा अर्थ लावू नका. त्याचं मोठं कारण अल्बमच्या बांधणीत आहे आणि थोडं तुम्ही तो ज्या आवाजात ऐकता त्यात. वयाचा वाटा जवळजवळ नाही. वयानुसार आधी कमी होतात ते अगदी वरचे, पातळ आवाज, म्हणजे ड्रम्समधल्या सिंबलवरची, झांजेवरची ती चकाकी. त्याने संगीत किंचित मंद वाटेल, पण सहाव्या गाण्याला कान जड होणार नाहीत.

आधी बांधणी. १४ एप्रिल २०२३ ला आलेल्या या अल्बममध्ये १२ गाणी आहेत आणि एकूण लांबी ७७ मिनिटं. एकही संथ गाणं नाही. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ १९८६ चा, ८ गाणी, जेमतेम ५५ मिनिटं. पण फरक नुसता मिनिटांचा नाही. तो जुना अल्बम आठवून बघा. सुरुवातच अकूस्टिक गिटारने होते, मग अंगावर येणारा दणका. शीर्षकगीत साडेआठ मिनिटांचं, पण त्याच्या मध्यावर सगळं ओसरतं आणि स्वच्छ, डिस्टॉर्शनची खरखर नसलेल्या गिटारवर धून तरंगत राहते. ‘सॅनिटेरियम’ हळू सुरू होतं. ‘ओरायन’मध्ये गायन नाहीच, आणि त्याच्या मधल्या भागात क्लिफ बर्टनचा बेस गाणं हातात घेतो. दर काही मिनिटांनी कानाला बसायला जागा आहे. त्यामुळे पुढचा दणका प्रत्येक वेळी नव्याने दणका वाटतो.

‘७२ सीझन्स’मध्ये ही बसायची जागा जवळजवळ शेवटपर्यंत मिळत नाही. गाणी मधल्या लयीत नाहीतर जलद, गिटार डावी-उजवीकडे पूर्ण भरलेल्या, आणि रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी छोटी धून, चारऐवजी आठ वेळा. ‘लक्स इटर्ना’ साडेतीन मिनिटांच्या आत संपतं, म्हणून ते सगळ्यांना आवडलं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. गाणं चांगलं आहेच, पण ते वेळेवर थांबतं हेही आहे. मी निर्माता असतो तर ‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’ आणि ‘चेसिंग लाइट’ यांपैकी एक बाहेर ठेवलं असतं आणि इतर तीन-चार गाण्यांतून एकेक मिनिट काढलं असतं. लांबीचा मोह या बँडला जुनाच आहे. १९९६ च्या ‘लोड’ची लांबी सीडीच्या मर्यादेला इतकी भिडली होती, की शेवटचं ‘द आउटलॉ टॉर्न’ त्यात बसवण्यासाठी कापावं लागलं, आणि पूर्ण गाणं नंतर एका सिंगलवर वेगळं द्यावं लागलं.

आता आवाजाकडे येतो, कारण माझ्या मते खरी मेख इथे आहे.

ड्रमच्या स्नेअरवर काठी पडते तेव्हा एका क्षणासाठी आवाज उसळतो आणि लगेच खाली येतो. डिजिटल रेकॉर्डिंगला एक छत असतं, त्याच्यावर आवाज जाऊच शकत नाही. गाणं मोठं वाजावं म्हणून आम्ही लिमिटर लावतो: तो उसळीचे शेंडे छाटतो, आणि शेंडे गेले की बाकीचं सगळं वर उचलता येतं. दोन-तीन डेसिबल छाटले तर कळतही नाही, उलट गाणं घट्ट होतं. सहा-आठ छाटले की स्नेअरचा ‘खाड्’ जाऊन ‘पट्’ उरतो, किकची, म्हणजे पायाने वाजवायच्या ढोलाची, छातीवर बसणारी थाप जाऊन नुसती टिचकी राहते, आणि कुजबूज आणि किंकाळी एकाच उंचीवर येतात. कानाला उसळ आणि उतार दोन्ही लागतात. सतत एकाच उंचीचा आवाज आला की मेंदू त्याकडे लक्ष देणं सोडून देतो. ‘गाणी एकसारखी वाटतात’ असं तुम्ही म्हणता, त्यात रिफचा दोष आहे तितकाच हाही आहे.

या बाबतीत मेटालिकाचा इतिहास आमच्या धंद्यात शिकवण्यासारखा आहे. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस ऐकूच येत नाही. बर्टन सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस अपघातात गेले. त्यांच्या जागी आलेल्या या तरुण वादकाचा बँडबरोबरचा हा पहिलाच पूर्ण अल्बम. बेस बऱ्याच ठिकाणी गिटारचेच सूर वाजवतोय, गिटारचा मधला भाग खणून काढलाय आणि खालचा भाग फुगवलाय, त्यामुळे बेसची जागा गिटारनेच खाल्ली. शिवाय मिक्समध्ये बेसचा आवाजही खाली ठेवलेला. २०१८ मध्ये अल्बम पुन्हा मास्टर होऊन आला तेव्हा अनेक चाहत्यांना वाटलं, आता बेस येईल. तो आला नाही, येणारही नव्हता. मास्टरिंग म्हणजे शिजून तयार झालेल्या भाजीला फोडणी देणं. आत जे घातलंच नाही ते फोडणीने येत नाही. त्यासाठी मूळ ट्रॅक उघडून नव्याने मिक्स करावं लागतं, आणि बँडने ते केलं नाही.

२००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये स्नेअरच्या खालच्या तारा सैल सोडल्या होत्या. त्या तारा चामड्याला लागून असल्या की स्नेअर ‘खाड्’ करतो. सोडल्या की पिंपासारखा ‘टण्ण’ घुमतो. आजही चाहते अल्बमचा विषय निघाला की आधी त्या स्नेअरवर येतात.

आणि मग २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’. गाणी उत्तम, पण आवाज इतका चेपलेला, की जिथे आवाज मोठा होतो तिथे चक्क करकर ऐकू येते. गंमत म्हणजे तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठी वेगळ्या ट्रॅकवरून गेली होती आणि तिथे ती मोकळी, जिवंत वाजत होती. चाहत्यांनी दोन्हींच्या आवाजाचे आलेख शेजारी ठेवले. गेमचा वर-खाली दात असलेला करवतीसारखा, अल्बमचा सरळ विटेसारखा. हजारो जणांनी पुन्हा मिक्स करा म्हणून अर्जावर सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनी एका चाहत्याला कळवलं, की गाणी त्यांच्याकडे पोचली तेव्हाच पुरती चेपलेली होती. सामान्य ऐकणाऱ्यांनी आवाजाच्या दर्जावरून एवढा आग्रह धरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मला त्याचं फार अप्रूप वाटलं आणि आजही वाटतं.

त्या मिक्सिंगमध्ये असलेले ग्रेग फिडलमन ‘७२ सीझन्स’ला बँडचे गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड आणि ड्रमर लार्स उलरिक यांच्यासोबत निर्माते आहेत. म्हणून मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकताना धास्तावलो होतो. पण इथे तशी करकर नाही. अल्बम दाट आहे, मोठाही आहे, पण स्नेअरला धार शिल्लक आहे, आणि मुख्य म्हणजे बेस ऐकू येतो. ‘स्लीपवॉक माय लाइफ अवे’ची सुरुवात पुन्हा ऐका. रॉबर्ट ट्रुहियोचा बेस आणि ड्रम्स आधी ठेका बांधतात, मग गिटार येतात. गिटार आल्यावर बेस गायब होतो का, एवढंच बघा. होत नाही, तो गिटारच्या खाली सरकतो आणि तिथे टिकतो. ‘जस्टिस’ ऐकलेल्या माणसाला या काही सेकंदांची किंमत कळते.

माझी स्वतःची एक चूक सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी चार जणांच्या एका तरुण बँडचा पहिला अल्बम माझ्याकडे होता. मुलं गुणी, ड्रमर तर विलक्षण. त्याच्या डाव्या हातात स्नेअरवरच्या हलक्या थापांची अशी नक्षी होती, की मी त्या ऐकत बसायचो. शेवटच्या दिवशी त्यांनी एका गाजलेल्या अल्बमची सीडी लावली आणि म्हणाले, दादा, एवढा मोठा हवा. मी लिमिटर दाबत गेलो. खोलीत सगळे खूश झाले, मीही झालो. दोनेक वर्षांनी तेच गाणं एका स्ट्रीमिंग यादीत दुसऱ्या गाण्यांच्या मध्ये लागलं आणि मला ते लहान, सपाट वाटलं. डाव्या हाताची ती नक्षी कुठेच नव्हती. मी ती स्वतःच्या हाताने छाटली होती.

असं का झालं, तेही सांगतो, कारण तुम्ही अल्बम स्ट्रीमिंगवर ऐकता. या सेवा गाण्याचा सरासरी जाणवणारा आवाज मोजतात. त्याच्या एककाला एलयूएफएस म्हणतात. स्पॉटिफाय साधारण उणे १४ या पातळीला सगळी गाणी आणते. म्हणजे कुणी गाणं चेपून उणे ८ पर्यंत नेलं, तर सेवा ते मुकाट्याने ६ डेसिबल खाली ओढते. मोठेपणा जातो, चेपलेपणा तेवढा राहतो. शेजारचं मोकळं मिक्स केलेलं गाणं त्याच सरासरीला असतं, पण त्याचे शेंडे शाबूत असतात, म्हणून तेच जास्त दणकट वाजतं.

त्या दिवसापासून माझ्याकडे कुठलाही बँड ‘मोठा करा’ म्हणाला की मी दोन प्रती करतो, चेपलेली आणि मोकळी, आणि दोन्हींचा जाणवणारा आवाज मोजून सारखा करतो. मग कोणती कोणती ते न सांगता आलटून पालटून ऐकवतो. एकदा एका ड्रमरने डोळे मिटून मोकळ्या प्रतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, इथे माझा पाय ऐकू येतो. किकबद्दल बोलत होता तो.

हाच प्रयोग तुम्ही घरी करा. तुमची तुलना आत्तापर्यंत न्याय्य झालेली नाही, असं मला वाटतं. दोन आवाजांत एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी कान मोठ्याला ‘चांगलं’ म्हणतो, आणि आपल्याला वाटतं की आपण संगीताबद्दल मत देतोय. शिवाय आवाज कमी केला की खर्ज आणि अगदी वरचे सूर जास्त वेगाने कमी होतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून हळू लावलेला अल्बम बारीक वाटतो आणि मोठा लावलेला भरीव. ‘मास्टर’चं एखादं गाणं आणि ‘७२ सीझन्स’चं एखादं गाणं घ्या, फोनमधला बेस वाढवणारा इक्वलायझर बंद करा, हेडफोन काढून ठेवा आणि साध्या स्पीकरवर, समोरच्याशी न ओरडता बोलता येईल इतक्याच आवाजात लावा. गायकाचा गळा दोन्हीकडे सारख्याच अंतरावर वाटेपर्यंत आवाज जुळवा. मग फक्त ड्रम्स ऐका. पुन्हा लावा, फक्त बेस ऐका. तिसऱ्यांदा डावीकडची गिटार. हेटफील्ड एकच रिफ वेगवेगळ्या टेकमध्ये वाजवतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. केसाएवढा फरक राहतो, आणि त्या फरकामुळेच ती भिंत रुंद वाटते. तार बहुतेकदा वरून खालीच छेडून हे टेक इतके जुळतात, हे साठी गाठलेल्या वादकाबद्दल मी अतिशय आदराने सांगतोय.

सलग ऐकणंही सोडा. बारा गाण्यांचे तीन-तीनचे चार भाग करा, प्रत्येक भाग वीसेक मिनिटांचा होतो, आणि मध्ये कानांना खरी शांतता द्या, दुसरं काही लावू नका. एलपीच्या काळात तबकडी उलटायला उठावंच लागायचं, ती सक्तीची विश्रांती या लांब अल्बमला फार मानवते. आवाजाबद्दल एक हिशेब ध्यानात ठेवा: अमेरिकेतल्या ‘नायोश’ या कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त १ तास. हेडफोनवर पूर्ण जोर लावून ७७ मिनिटं ऐकलीत तर त्या एका अल्बममध्ये दिवसाची मर्यादा सहज संपू शकते. कान जड होणं ही कानांची तक्रार आहे. ऐकून झाल्यावर कानात ‘सूं’ येत असेल तर आवाज नक्कीच जास्त होता, तो कमी करा; आणि एक-दोन दिवसांत तो ‘सूं’ गेला नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा, यात टाळाटाळ नको. लार्स उलरिक स्वतः अनेक वर्षं कानातल्या त्या आवाजाबद्दल मोकळेपणाने बोलत आले आहेत.

बँडचा दुसरा गिटारवादक किर्क हॅमेट याच्या सोलोंबद्दलही तुम्ही नाराजी कळवली आहे. मीही थोडा आहे. वाह पेडलवरची (पायाने दाबून गिटारला ‘वा-वा’ आवाज देणारं ते साधन) तीच चार वळणं फार वेळा येतात. त्यापलीकडे मला त्यावर काही म्हणायचं नाही.

राहिली नववीतली कॅसेट. इथे मिक्सरचं ज्ञान उपयोगाचं नाही, पण मला याबद्दल मनापासून काही सांगायचंय. अल्बमचं नाव माणसाच्या पहिल्या अठरा वर्षांवरून आहे: वर्षाचे चार ऋतू, अठरा वर्षांचे बहात्तर. (आपल्या सहा ऋतूंच्या हिशेबाने बाराच वर्षं होतील, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.) त्या वयात आपल्यावर जे ठसतं, त्यातून पुढे सुटता येतं का, हा हेटफील्ड यांचा प्रश्न संपूर्ण अल्बमभर आहे. आणि तुम्ही त्या बहात्तर ऋतूंत जे ठसलं त्याच्याशी याच अल्बमची तुलना करताय. त्या कॅसेटमध्ये भावाची खोली आहे, पुन्हा पुन्हा मागे फिरवलेली टेप आहे, पहिल्यांदा कुणीतरी आपल्या मनातलं ओरडून सांगतंय ही जाणीव आहे. कुठलाही इंजिनियर हे मिक्समध्ये घालू शकत नाही. ‘मास्टर’ श्रेष्ठ आहे असं मलाही वाटतं, पण त्याच्याशी तुलना करून झाली की ती बाजूला ठेवा आणि या अल्बमला त्याच्या जागी ऐका. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस स्वतःच्या लहानपणाशी भांडतोय, हे कळलं की कितीतरी ओळी वेगळ्या ऐकू येतात.

आणि त्यासाठी शेवटापासून सुरुवात करा. ‘इनअमोराता’ ११ मिनिटांचं आहे, बँडने स्वतः रचलेलं आजवरचं सर्वांत लांब गाणं. सोळा वेळा अल्बम ऐकून तुम्ही त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीत, याचं मला आश्चर्य नाही. सहासष्ट मिनिटांच्या वाटेवर थकलेले कान घेऊन तुम्ही तिथे पोचत होतात. ताज्या कानांनी, सकाळी, तेवढं एकच गाणं लावा. मध्यावर गिटार बाजूला होतात. बेस एकटा उरतो, सोबत ड्रम्स अगदी हलके. या अल्बममध्ये इतका वेळ न मिळालेली ती जागा इथे आहे, आणि ती मोठी आहे. घाई न करता तिथे थांबलेले आहेत ते. मग गिटार एकेक करून परततात, आधी धून घेऊन, नंतर वजन घेऊन. त्या क्षणी आवाज वाढवायला हात जाईल. जाऊ द्या, तेवढ्यापुरता.

हेडफोन बदलू नका. तुम्ही लिहिलेला चांगला आहे.